अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या स्थानिक संस्थांसाठी अनुदान कसे मिळवावे

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांपैकी अनेक जण आपापल्या गावातील एखाद्या छोट्या सेवाभावी संस्थेला वेळ देतात. कोणी तिचे हिशेब पाहतो, कोणी संकेतस्थळ सांभाळतो, कोणी संचालक मंडळावर कोषाध्यक्ष म्हणून बसतो. न्यूअर्क, अटलांटा, शिकागो किंवा डेट्रॉइटच्या परिसरात ही संस्था पुष्कळदा कृष्णवर्णीय नेतृत्वाखाली चालणारी असते: चर्चच्या तळघरात भरणारा शिकवणी वर्ग, बाळंतपणात सोबत करणाऱ्या स्त्रियांचा गट, तुरुंगातून सुटून आलेल्यांना काम मिळवून देणारे केंद्र. ज्याला आकडेमोड आणि लेखन जमते अशा मदतनिसाकडे आज ना उद्या अनुदानाच्या अर्जाचे काम येतेच. ते नीट कसे करावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे काम परके वाटणार नाही.

एक मर्यादा मात्र सुरुवातीलाच मान्य करावी. संस्थेची दिशा ठरवणे हा तिच्या प्रमुखांचा आणि त्या वस्तीचा अधिकार आहे. मदतनिसाने कागद, आकडे आणि मुदती सांभाळाव्यात, पण कोणते काम हाती घ्यावे आणि कोणते नाकारावे हे सांगू नये. अनुदान मिळते म्हणून नवा उपक्रम सुरू करण्याचा सल्ला बाहेरून आलेल्या सुशिक्षित माणसाकडून सहज दिला जातो, आणि त्याची किंमत संस्थेला पुढे अनेक वर्षे मोजावी लागते.

तूट नेमकी कोठे आहे

नव्या समाजोपयोगी उपक्रमांना निधी देणारी एकोइंग ग्रीन आणि ना-नफा संस्थांना सल्ला देणारी ब्रिजस्पॅन या दोन संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकोइंग ग्रीनकडे आलेल्या अर्जदारांपैकी सर्वांत पात्र ठरलेल्या संस्थांची तुलना केली होती. कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांचे उत्पन्न श्वेतवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी आढळले, आणि कोणत्याही अटीविना हाताशी असलेली त्यांची निव्वळ मालमत्ता तब्बल ७६ टक्क्यांनी कमी आढळली. या दोन आकड्यांतील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे, कारण उत्पन्नातील तफावत ही पैसे किती मिळाले हे सांगते, तर मालमत्तेतील तफावत ही देणाऱ्याने कितपत विश्वास टाकला हे सांगते. अशा संस्थेला एखाद्या उपक्रमापुरता पैसा मिळतो, परंतु भाडे, विमा, हिशेबनीस आणि अडचणीच्या महिन्यांतील पगार यांसाठी हाती काही उरत नाही. त्यामुळे अर्ज लिहिताना केवळ रक्कम मोठी मागणे पुरेसे नाही. कोणत्या प्रकारचा पैसा मागतो आहोत याचा विचार प्रत्येक टप्प्यावर करावा लागतो.

ही तूट वस्तीच्या अनास्थेमुळे निर्माण झालेली नाही. फिलाडेल्फियात १७८७ साली रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली, तेव्हापासून कृष्णवर्णीय समाज वर्गणी गोळा करून विधवांना, आजाऱ्यांना आणि अनाथांना सांभाळत आला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेने सीअर्स कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांसाठी पैसा दिला. त्यातून १९३२ पर्यंत १५ राज्यांत जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या. त्या अनुदानाची अटच अशी होती की गावानेही आपला वाटा उचलावा, आणि कापूस वेचून पोट भरणाऱ्या गावांनी पैसा, जमीन, लाकूड आणि श्रम यांच्या रूपाने तो उचलला. आजच्या अर्जातही वस्तीने स्वतः काय दिले आहे याची नोंद अवश्य असावी. चर्चने विनामूल्य दिलेली जागा, स्वयंसेवकांचे तास, शेजाऱ्यांच्या पाच-दहा डॉलरच्या देणग्या यांची वर्षभर पद्धतशीर नोंद ठेवली, तर ती देणाऱ्यापुढे ठेवण्याजोगा सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

कागदपत्रांची तयारी

अर्जाची मुदत जवळ आल्यावर कागदपत्रे शोधायला लागणे हे अपयशाचे सर्वांत सामान्य कारण आहे. संस्थेची राज्यात नोंदणी झालेली असावी, संघीय कर विभागाकडून मिळणारा ओळख क्रमांक असावा, आणि ५०१ (सी) (३) या कलमाखाली करमाफी मिळाल्याचे पत्र हाताशी असावे. करमाफीसाठी फॉर्म १०२३ भरावा लागतो व त्याचे शुल्क ६०० डॉलर आहे. ज्या संस्थेची वार्षिक प्राप्ती ५०,००० डॉलरच्या आत राहील आणि मालमत्ता २,५०,००० डॉलरच्या आत असेल, तिला २७५ डॉलर शुल्काचा फॉर्म १०२३-ईझेड भरता येतो. छोटा अर्ज लवकर मंजूर होतो हे खरे, पण मोठ्या अर्जात उपक्रमांचे सविस्तर वर्णन आणि अंदाजपत्रक लिहावे लागते, आणि तेच लेखन पुढे अनुदानाच्या अर्जांत कामाला येते. मोठे अनुदान मागण्याचा मनसुबा असेल, तर पात्र असूनही मोठा फॉर्म भरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

चर्चच्या बाबतीत येथे वेगळा विचार लागतो. अमेरिकेत चर्चला करमाफीसाठी अर्ज करण्याची सक्ती नाही आणि वार्षिक फॉर्म ९९० भरण्याचीही नाही. कृष्णवर्णीय वस्त्यांतील कितीतरी उत्तम कामे चर्चच्याच नावाखाली चालतात, परंतु अनेक फाउंडेशने, म्हणजे स्वतःकडील निधीतून अनुदाने देणाऱ्या संस्था, धार्मिक संस्थेला थेट पैसा देत नाहीत, आणि वार्षिक विवरणपत्र नसल्यामुळे त्यांना हिशेब तपासण्याचा सोपा मार्गही राहत नाही. अशा वेळी चर्चच्या शेजारी स्वतंत्र ना-नफा संस्था उभी करण्याची जुनी आणि यशस्वी परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चने १९८९ साली घरबांधणी आणि वस्तीच्या विकासासाठी ॲबिसिनियन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन स्थापन केले, हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अशा संस्थेचे संचालक मंडळ, बँक खाते आणि हिशेब चर्चपासून खरोखर वेगळे असले पाहिजेत. नाव वेगळे आणि खाते एकच असा प्रकार पहिल्याच तपासणीत उघड होतो.

करमाफी अजून मिळालेली नसेल, तर काम थांबवण्याची गरज नाही. आधीच करमाफी असलेली एखादी संस्था आपल्या छत्राखाली नव्या उपक्रमाला घेऊ शकते. तिला फिस्कल स्पॉन्सर म्हणतात. अनुदान तिच्या नावे येते, ती हिशेब सांभाळते आणि त्याबद्दल रकमेचा ठरावीक टक्का शुल्क म्हणून घेते. करार लिखित असावा, आणि पुढे स्वतंत्र होताना शिल्लक निधी कसा हस्तांतरित होईल हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

वार्षिक विवरणपत्राकडे दुर्लक्ष करणे फार महाग पडते. साधारणतः ५०,००० डॉलरपर्यंत प्राप्ती असलेल्या संस्थेला ९९०-एन हे अगदी छोटे ऑनलाइन विवरणपत्र पुरते, परंतु तेही सलग तीन वर्षे भरले नाही तर करमाफी आपोआप रद्द होते. छोट्या संस्थेत अध्यक्ष बदलला, जुना ईमेल बंद पडला आणि कोणाच्याही लक्षात न येता करमाफी गेली, असे वारंवार घडते. म्हणून मदतीला गेल्यावर पहिल्याच दिवशी कर विभागाच्या संकेतस्थळावर संस्थेची सद्यःस्थिती तपासावी. शिवाय बहुतेक राज्यांत देणग्या मागण्यासाठी स्वतंत्र नोंदणी लागते. ती राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या किंवा सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात होते.

याखेरीज संचालक मंडळाची यादी, हितसंबंधांच्या संघर्षाबाबतचे धोरण, चालू वर्षाचे मंजूर अंदाजपत्रक, गेल्या दोन-तीन वर्षांचा जमाखर्च आणि ताळेबंद, आणि संस्थेच्या कामाची एका पानाची ओळख हे सर्व एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवावे. ना-नफा संस्थांची माहिती गोळा करणाऱ्या कँडिड या संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्या संस्थेची माहिती विनामूल्य भरता येते, आणि जितकी माहिती अधिक उघड करावी तितका वरचा पारदर्शकतेचा शिक्का मिळतो. तेथे नेतृत्वाच्या वांशिक पार्श्वभूमीची माहितीही देता येते, जी पाहून काही देणगीदार संस्था शोधतात.

जवळचा पैसा आधी

नवख्या मदतनिसाची नजर बहुधा फोर्ड किंवा केलॉग यांसारख्या मोठ्या नावांवर जाते. दोन लाख डॉलरचे अंदाजपत्रक असलेल्या संस्थेसाठी सुरुवात तेथून करू नये. बहुतेक मोठ्या शहरांना किंवा जिल्ह्यांना कम्युनिटी फाउंडेशन असते, म्हणजे त्या भागातील अनेक कुटुंबांच्या देणग्या एकत्र ठेवून तेथेच वाटणारी संस्था. पहिली १९१४ साली क्लीव्हलंडमध्ये निघाली. तिचे अधिकारी त्याच गावात राहतात, वस्ती पायाखालची असते, आणि पाच ते पंचवीस हजार डॉलरची अनुदाने ते अनोळखी संस्थेलाही देण्यास तयार असतात. तिच्याकडे देणगीदारांचे सल्लाधीन निधीही असतात, म्हणजे देणगीदाराच्या सल्ल्याने वाटले जाणारे निधी. त्या निधींसाठी जाहीर अर्ज नसतो, पण फाउंडेशनच्या अधिकाऱ्याला आपले काम माहीत असेल तर तोच एखाद्या कुटुंबाला आपले नाव सुचवतो.

काही ठिकाणी वाटप करणारी संस्थाच कृष्णवर्णीय वस्तीतून उभी राहिलेली आहे. अलाबामातील सेल्मा येथे २००४ साली स्थापन झालेले ब्लॅक बेल्ट कम्युनिटी फाउंडेशन त्या राज्यातील ब्लॅक बेल्ट या मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीच्या पट्ट्यातील १२ काउंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, काम करते, आणि गावोगावचे स्वयंसेवक त्याच्या कामात सहभागी असतात. अशा फाउंडेशनकडे अर्ज करताना वस्तीची ओळख करून द्यावी लागत नाही आणि सारी जागा कामाच्या वर्णनासाठी मिळते. चर्चचे मंडळ, स्थानिक रुग्णालयाचा समाजहित निधी, आणि दहा-वीस जणांनी एकत्र येऊन चालवलेले देणगीगट हेही जवळच्या पैशाचे मार्ग आहेत. रक्कम लहान असली तरी पहिल्या तीन देणाऱ्यांची नावे चौथ्याला धीर देतात.

फाउंडेशनचा शोध कसा घ्यावा

खासगी फाउंडेशनांना १९६९ च्या कर सुधारणा कायद्यापासून दरवर्षी ठरावीक किमान रक्कम वाटावीच लागते; आज ती गुंतवलेल्या मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के आहे. म्हणजे पैसा बाहेर पडणारच आहे. तो कोणाकडे जातो हे पाहण्याचे साधनही सर्वांसाठी खुले आहे. प्रत्येक खासगी फाउंडेशन दरवर्षी फॉर्म ९९०-पीएफ भरते, आणि त्यात वर्षभरात कोणाला किती रक्कम दिली याची पूर्ण यादी असते. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोररवर हे फॉर्म विनामूल्य वाचता येतात. कँडिडची फाउंडेशनांची माहिती-सूची घरून वापरायला पैसे पडतात, पण देशभरातील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत ती फुकट उपलब्ध असते, आणि तेथील ग्रंथपाल शोध कसा घ्यावा हे आपुलकीने शिकवतात.

या फॉर्ममध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हे फाउंडेशन केवळ आधी ठरवलेल्या संस्थांनाच देते आणि अनाहूत अर्ज घेत नाही, अशी चौकट त्यात असते. ती भरलेली असेल तर अर्ज लिहिण्यात आठवडा घालवू नये, त्याऐवजी विश्वस्तांपैकी कोणी आपल्या ओळखीच्या ओळखीचा आहे का हे पाहावे. दुसरी, आपल्याच आकाराच्या आणि आपल्याच भागातील संस्थांना त्यांनी किती रक्कम दिली आहे. संकेतस्थळावरील मोठमोठ्या ध्येयवाक्यांपेक्षा ही यादी खरी असते. तिसरी, तेच नाव सलग वर्षांत पुन्हा येते का. जे फाउंडेशन एकदा हात धरल्यावर चार-पाच वर्षे सोडत नाही, ते एकदाच मोठी रक्कम देणाऱ्यापेक्षा छोट्या संस्थेला अधिक उपयोगी पडते.

अब्जाधीश दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांच्या देणग्यांनी २०२० पासून या क्षेत्रात मोठा बदल घडवला, कारण त्या मोठ्या आणि विनाअट होत्या. त्यांच्या यील्ड गिव्हिंग या उपक्रमाने २०२३ साली खुले अर्ज मागवले तेव्हा ६,३५३ संस्थांनी अर्ज केले आणि मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर देण्यात आले. अशी संधी आली तर अर्ज अवश्य करावा, परंतु तिच्या भरवशावर पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक आखू नये.

आधी बोलणे, मग लिहिणे

कृष्णवर्णीय संस्थाप्रमुखांना सर्वांत मोठी अडचण येते ती ओळखींची. फाउंडेशनांचे विश्वस्त आणि अधिकारी ज्या शाळांत, क्लबांत आणि वस्त्यांत वावरतात तेथे त्यांचा वावर पिढ्यानपिढ्या नव्हता. १९७१ साली फाउंडेशनांच्या राष्ट्रीय परिषदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधित्व नसल्याचा निषेध करूनच असोसिएशन ऑफ ब्लॅक फाउंडेशन एक्झिक्युटिव्हज ही संघटना जन्माला आली. ती आजही कार्यरत असून, कोणत्या फाउंडेशनमध्ये आपले म्हणणे समजून घेणारे कोणी आहे हे कळण्यासाठी तिच्या कार्यक्रमांचा उपयोग होतो.

अर्ज पाठवण्यापूर्वी फाउंडेशनच्या प्रोग्रॅम ऑफिसरला, म्हणजे अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, एक छोटा ईमेल लिहून पंधरा-वीस मिनिटांचा वेळ मागावा. संभाषणात संस्थाप्रमुखानेच बोलावे. मदतनिसाने टिपणे घ्यावीत आणि आकडे विचारल्यास द्यावेत. विचारण्याजोगे प्रश्न साधे असतात: आमच्या आकाराच्या संस्थेने किती रक्कम मागणे उचित होईल, उपक्रमासाठी मागावे की संस्थेच्या सर्वसाधारण खर्चासाठी, आणि या वर्षी तुमच्या निकषांत काय बदलले आहे. फाउंडेशनने आधी दोन पानी चौकशीपत्र मागितले असेल, तर त्यात पूर्ण प्रस्ताव कोंबू नये. संस्था कोण, वस्ती कोणती, काम काय, रक्कम किती आणि ती मिळाल्यावर काय बदलेल, एवढे स्पष्ट झाले की पत्र पूर्ण झाले.

गरजेचे वर्णन

प्रस्तावाच्या ज्या भागात वस्तीची गरज सांगायची असते, तेथे बहुतेक लेखक दारिद्र्य, गुन्हे आणि आजार यांची यादी देतात. त्यामुळे वस्तीतील माणसे केवळ कमतरतांचा साठा असल्यासारखी दिसतात, आणि ते वाचून संस्थाप्रमुखाला वाटणारा संकोच अगदी रास्त असतो. त्यापेक्षा कारण आणि परिणाम यांची साखळी मांडावी. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या संघीय संस्थेने शहरांचे नकाशे तयार करून कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात दाखवल्या आणि त्यांना कर्जासाठी धोकादायक ठरवले. रिचमंड विद्यापीठाच्या मॅपिंग इनइक्वॅलिटी या प्रकल्पात हे नकाशे आज सर्वांना पाहता येतात. आपली वस्ती त्या नकाशात कोणत्या रंगात होती हे पाहावे, आणि त्याच भागाचे जनगणना विभागाच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतील आजचे आकडे शेजारी ठेवावेत. घरमालकी, भाड्याचा बोजा आणि उत्पन्न यांचे आकडे सेन्सस ट्रॅक्टच्या पातळीवर, म्हणजे काही गल्ल्यांच्या समूहापर्यंत, मिळतात. संपूर्ण शहराची सरासरी देण्यापेक्षा हे आकडे कितीतरी अधिक बोलके असतात.

त्यानंतर लगेच संस्था आज काय करते हे सांगावे. किती मुले येतात, त्यांपैकी किती वर्षभर टिकतात, शाळेतील त्यांची उपस्थिती किती सुधारली, हे संस्थेच्याच नोंदींतून द्यावे. मोजमाप थोडेच असावे पण खरे असावे. ४० मुलांच्या संस्थेने विद्यापीठाच्या धर्तीचे मूल्यमापन कबूल केले, तर पुढच्या वर्षी अहवाल लिहिताना शिक्षकांचा वेळ मुलांऐवजी तक्त्यांकडे जातो.

खरा खर्च मागणे

या संपूर्ण कामातील सर्वांत निर्णायक भाग माझ्या मते अंदाजपत्रक हा आहे. समजा, शिकवणी वर्गासाठी दोन शिक्षकांचे मानधन ३२,००० डॉलर, साहित्य ४,००० आणि मुलांचे खाणे ६,००० असा ४२,००० डॉलरचा थेट खर्च आहे. संस्थाप्रमुख सहसा एवढीच रक्कम मागतात, कारण जास्त मागितले तर हावरटपणा दिसेल अशी भीती असते. परंतु त्या वर्गासाठी प्रमुखाचा एकपंचमांश वेळ जातो, आणि वार्षिक पगार ६५,००० असल्यास तो भाग १३,००० डॉलरचा होतो. भाडे व विजेतील वाटा ५,००० आणि हिशेब व विमा यांतील वाटा ३,००० धरला, तर वर्गाचा खरा खर्च ६३,००० डॉलर आहे. ४२,००० चे अनुदान मिळवून आनंद मानणारी संस्था प्रत्यक्षात एकतृतीयांश खर्च स्वतःच्या खिशातून देत असते, आणि तो बहुधा प्रमुखाच्या न घेतलेल्या पगारातून जातो. अटमुक्त मालमत्तेतील ती ७६ टक्क्यांची दरी अशा न मागितलेल्या रकमांनी वर्षानुवर्षे रुंदावत जाते.

म्हणून अंदाजपत्रकात हे सर्व घटक उघडपणे दाखवावेत आणि प्रत्येकाच्या पुढे एका ओळीत हिशेब लिहावा. संघीय अनुदानांत तर यासाठी नियमच आहे: ज्या संस्थेने अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे भाडे, विमा, हिशेब अशा सामायिक खर्चाचा, दर सरकारशी ठरवलेला नाही, तिला नियमांत बसणाऱ्या थेट खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम त्यासाठी घेता येते, १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी ही मर्यादा १० टक्के होती. खासगी फाउंडेशन यापेक्षा कमी देत असेल, तर या दराचा आदरपूर्वक उल्लेख करून विचारणा करण्यात काहीही गैर नाही. जेथे शक्य असेल तेथे उपक्रमाऐवजी सर्वसाधारण कार्यनिधी मागावा, आणि तोही दोन किंवा तीन वर्षांसाठी. त्याच मागणीत तीन महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी उभारण्याचे उद्दिष्ट लिहून ठेवावे. राखीव निधी मागणे हा संस्थेच्या प्रौढपणाचा पुरावा आहे, आणि जाणकार अधिकारी तो तसाच वाचतात.

अर्ज लिहिण्यासाठी व्यावसायिक लेखक नेमायचा असेल, तर त्याला तासावर किंवा ठरावीक रकमेवर नेमावे. मिळालेल्या अनुदानाचा टक्का घेणे त्या व्यवसायाच्या आचारसंहितेत निषिद्ध आहे.

कायद्याची बदललेली परिस्थिती

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रातील कायदेशीर वातावरण बदलले आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय अर्ज लिहू नये. अटलांटातील फिअरलेस फंड कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उद्योगांना स्पर्धेद्वारे २०,००० डॉलरचे अनुदान देत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याविरुद्ध खटला दाखल झाला, आणि जून २०२४ मध्ये अकराव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी, ही स्पर्धा १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातील करारविषयक समानतेच्या तरतुदीचा भंग करीत असण्याची शक्यता आहे असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये तडजोड होऊन ती स्पर्धा बंद झाली. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेला हा कायदा त्यांच्याच वंशजांच्या मदतीविरुद्ध वापरला गेला, याचे दुःख या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी संघीय अनुदान घेणाऱ्यांकडून, आपण भेदभावविरोधी कायद्याचा भंग करणारे विविधताविषयक कार्यक्रम चालवत नाही, असे प्रमाणपत्र मागण्याची तरतूद केली, आणि खोट्या प्रमाणपत्राला फॉल्स क्लेम्स ॲक्ट या, सरकारकडे खोटे दावे करणाऱ्यांना दंड करणाऱ्या कायद्याखालील दायित्वाशी जोडले.

याचा व्यवहारातील अर्थ नीट लक्षात घ्यावा. संस्थेचे नेतृत्व कृष्णवर्णीय असणे बेकायदा नाही, आणि अशा संस्थेने अनुदान घेणेही बेकायदा नाही; प्रश्न उभा राहतो तो एखादा लाभ केवळ विशिष्ट वंशाच्याच व्यक्तींना मिळेल अशी अट घालण्याचा. बहुतेक वस्तीसंस्थांचे दार मुळातच सर्वांना उघडे असते, म्हणून ते तसे आहे हे अर्जात स्पष्ट लिहावे. सेवेचे क्षेत्र भूगोलाने सांगावे, म्हणजे अमुक सेन्सस ट्रॅक्ट, अमुक शाळा, अमुक पिनकोड. पात्रता उत्पन्नाने किंवा परिस्थितीने सांगावी, उदाहरणार्थ अन्नसाहाय्य घेणारी कुटुंबे किंवा तुरुंगातून परतलेल्या व्यक्ती. मात्र वस्तीचा इतिहास, नेतृत्वाचा स्वानुभव आणि चर्चशी असलेले नाते यांची सत्य माहिती भीतीपोटी पुसून टाकू नये, कारण संस्थेची खरी ताकद तेथेच आहे. अनेक फाउंडेशनांनी आपल्या निकषांची भाषा बदलली असल्यामुळे गेल्या वर्षीचा अर्ज जसाच्या तसा वापरू नये. संघीय प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. बहुतेक मोठ्या शहरांत ना-नफा संस्थांना विनामूल्य सल्ला देणारे वकिलांचे मंडळ असते.

सरकारी पैसा

स्थानिक संस्थेला परवडणारा सरकारी पैसा बहुधा शहरातूनच येतो. १९७४ पासून चालू असलेल्या कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट योजनेत संघीय गृहनिर्माण खाते शहरांना आणि काउंटींना रक्कम देते. तिचा किमान ७० टक्के भाग कमी व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडावा लागतो, आणि सामाजिक सेवांवर साधारणतः १५ टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो. हाच भाग शिकवणी, आरोग्य किंवा रोजगार यांसाठी संस्थांना मिळतो. वाटपापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. त्या सुनावणीला पालकांना आणि शेजाऱ्यांना घेऊन जावे, कारण नगरसेवकांना अर्जातील परिच्छेदांपेक्षा समोर बसलेले मतदार अधिक लक्षात राहतात.

अडचण अशी की हा पैसा बहुधा खर्च झाल्यावर, पावत्या पाहून परत मिळतो. राखीव निधी नसलेल्या संस्थेला दोन-तीन महिन्यांचे पगार आधी भरावे लागतात. त्यामुळे करारावर सही करण्यापूर्वी आगाऊ रकमेची तरतूद आहे का हे विचारावे, नसल्यास कम्युनिटी डेव्हलपमेंट वित्तसंस्थेकडून, म्हणजे अशा वस्त्यांना कर्ज देण्यासाठीच असलेल्या संस्थेकडून, अल्पमुदतीची कर्जसोय आधीच मंजूर करून घ्यावी.

संघीय अनुदानासाठी थेट अर्ज करायचा तर सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. ही नोंदणी विनामूल्य आहे आणि दरवर्षी नवी करावी लागते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी पत्रांना उत्तर देऊ नये. एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलर किंवा अधिक संघीय निधी खर्च झाला, तर विशेष लेखापरीक्षण बंधनकारक होते.

मंजुरीनंतर आणि नकारानंतर

नकार आला तर आठवडाभरात आभाराचे पत्र पाठवून परीक्षकांचे अभिप्राय मागावेत. सरकारी अर्जांचे गुणपत्रक बहुधा मिळते, आणि खासगी फाउंडेशनचा अधिकारी फोनवर दोन वाक्यांत खरे कारण सांगतो. ते कारण अर्जाच्या फोल्डरमध्येच लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी मदतनीस बदलला तरी ते हरवत नाही.

मंजुरी मिळाली, तर करारातील अटी वाचून कोणता पैसा कशासाठी आणि कधीपर्यंत वापरायचा हे हिशेबाच्या प्रणालीत पहिल्याच दिवशी वेगळे दाखवावे. एकच मोठे अनुदान आले असेल तर संस्थेच्या उत्पन्नापैकी किमान एकतृतीयांश भाग व्यापक जनतेकडून व सरकारकडून येतो का, हेही हिशेबनिसाला विचारावे, कारण पाच वर्षांच्या सरासरीने मोजली जाणारी ही कसोटी खासगी फाउंडेशन न ठरता सार्वजनिक सेवाभावी संस्थेचा दर्जा टिकवण्यासाठी महत्त्वाची असते. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला लेखी पोच पाठवावी. तिच्याशिवाय त्या व्यक्तीला करवजावट घेता येत नाही.

अहवाल मुदतीपूर्वी द्यावा आणि त्यात न जमलेल्या गोष्टीही स्पष्ट लिहाव्यात. एखादा शिक्षक सोडून गेला, जागा बदलावी लागली, मुले अपेक्षेपेक्षा कमी आली, तर ते कारणासह आणि अहवालाची वाट न पाहता फोन करून कळवावे. वेळेवर कळवल्यास बहुतेक फाउंडेशने रकमेचा उपयोग बदलण्यास किंवा मुदत वाढवण्यास परवानगी देतात. अधिकाऱ्याला वर्षातून एकदा काम पाहायला बोलवावे, आणि त्या दिवशी मुलांना सादरीकरणासाठी उभे न करता नेहमीचा वर्ग चालू ठेवावा. अनुदानाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी संस्थाप्रमुखाने पुन्हा वेळ मागून नूतनीकरणाबद्दल विचारावे, आणि या वेळी उपक्रमाची रक्कम न मागता तीन वर्षांच्या सर्वसाधारण कार्यनिधीची मागणी पुढे ठेवावी, सोबत गेल्या वर्षाचा खरा खर्च दाखवणारे एक पान जोडून.